विश्लेषण : पन्नाशीतला कामगार बायोडाटात स्वतःचे कामच का लिहीत नाही?

जळगाव एमआयडीसीतल्या चटई, पाइप, डाळ कारखान्यांत किंवा धुळे जिल्ह्यातल्या अवधान, नरडाण्यात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाची नोकरी गेली, की तो झेरॉक्सच्या दुकानात बायोडाटा टाइप करून घेतो. त्यात जन्मतारीख, जात, वडिलांचे नाव, दहावीचे टक्के असतात. कामाबद्दल एकच ओळ : 'अनुभव २२ वर्षे'. मालकाला वय लगेच कळते, काम मात्र कळतच नाही.

मग लिहायचे काय?

नुसते 'ऑपरेटर' लिहून भागत नाही. पीव्हीसी पाइपची जाडी एका बाजूला जास्त येऊ लागली तर डाय सेंटरला आणता येते का? रात्रपाळीत मशीन बंद पडले तर फिटर येईपर्यंत काय करता येते? डाळमिलमध्ये तेल-पाणी दिलेली तूर किती वाळू द्यायची, हे हाताला कळणारा माणूस असला की तुकडा कमी पडतो. मालकासाठी हा सरळ पैशांचा हिशेब आहे. कोणती मशीन चालवली, हाताखाली किती माणसे होती, किती नव्या पोरांना शिकवले, हे सगळे एका पानात बसते. जात काढून टाकावी; ती लग्नाच्या बायोडाटातली गोष्ट.

अनुभवाचे पत्र नसेल तर?

बहुतेकांचे घोडे इथेच अडते. पण पीएफ कापला जात असेल, तर ईपीएफओच्या पोर्टलवर यूएएन टाकून 'सर्व्हिस हिस्ट्री' पाहता येते. तिथे कंपनीचे नाव, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख दिसते. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती स्वतः भरता येते. पीएफच नसलेल्यांना मात्र जुन्या सुपरवायझरचा फोन नंबर, हजेरी कार्ड, पगाराच्या बँक नोंदी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

सरकारी मदत कोणाला?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी. राज्य शासनाच्या नोकरीची सर्वसाधारण मर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. केंद्राचे 'सेक्रेड' पोर्टल सुरू होते थेट साठीला. मधल्या माणसाचा विचार धोरणात फारसा दिसत नाही. त्याच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे कौशल्य विकास योजनेतले 'पूर्वकौशल्याला मान्यता' प्रमाणपत्र. हातात असलेल्या कामाची परीक्षा घेऊन ते दिले जाते. त्याची चौकशी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात करावी.

वयावरून नाकारले तर?

खासगी भरतीत वयाचा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. 'कुशल माणूस मिळत नाही' म्हणणारे कारखानदारच जाहिरातीत 'वय ३५ पर्यंत' छापतात, हा विरोधाभास त्यांनीच सोडवायचा आहे. तोवर 'एक पाळी चालवून दाखवतो' असे स्वतःहून म्हणणे उपयोगी पडते. त्या पाळीची मजुरी किती, हे मात्र आधीच विचारून घ्यावे.