विश्लेषण : तळहातावर मावणारी रेस कार दुप्पट दराने का विकली जाते? चंद्रपूर-गडचिरोलीतील संग्राहकांनी काय तपासावे?

भारतात फॉर्म्युला वनची शर्यत झाली ती ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, २०११ ते २०१३ अशी फक्त तीन वर्षे. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या चाहत्याला ही शर्यत मोबाइलच्या पडद्यावरच भेटते. आवडत्या संघाची गाडी घरात आणायची तर धातूची छोटी प्रतिकृती हाच पर्याय. नाणी, तिकिटे जमवण्यासारखाच हा घरगुती छंद. मात्र दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारी गाडी व्हॉट्सॲप ग्रुपवर दुप्पट-तिप्पट दराने विकली जाते, तीही आगाऊ पैसे घेऊन. हे दर कशामुळे वाढतात आणि त्यात तुमचे पैसे कुठे अडकू शकतात, हे समजून घेऊ.

१:६४, १:४३ म्हणजे नेमके काय?

खरी गाडी प्रतिकृतीच्या किती पट मोठी आहे, हे तो आकडा सांगतो. ही मापे छोट्या आगगाड्यांच्या छंदातून आली. एफ-१ गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर २०२५ पर्यंत जास्तीत जास्त ३,६०० मिलिमीटर होते. २०२६ च्या नियमांत ते ३,४०० करण्यात आले. १:४३ मापात हे अंतर सुमारे ८४ वरून ७९ मिलिमीटरवर येते, तर १:६४ मध्ये ५६ वरून ५३ वर. म्हणजे शाळेच्या पट्टीनेही गाडी कोणत्या नियमांची, हे ओळखता येते. अर्थात प्रतिकृती मापात असेल तरच. हॉट व्हील्सच्या नेहमीच्या गाड्या ठरावीक पॅकिंगमध्ये आणि ट्रॅकवर बसाव्यात, म्हणून त्या काटेकोर १:६४ नसतात. विक्रेता 'अचूक माप' म्हणत जादा पैसे मागत असेल, तर आधी पट्टी काढा.

मागणी का वाढली?

ऑक्टोबर २०२४ मध्ये फॉर्म्युला वन आणि हॉट व्हील्स बनवणारी मॅटेल कंपनी यांनी अनेक वर्षांचा करार जाहीर केला. २०२५ पासून या गाड्या बाजारात आल्या. मे २०२५ मध्ये मायामीच्या शर्यतीआधी चालकांनी लेगोच्या तुकड्यांनी बनवलेल्या, खरोखर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांतून फेरी मारली. जूनमध्ये ब्रॅड पिटचा 'एफ-१' चित्रपट आला. शर्यत न पाहणाऱ्यांनाही या गाड्या हव्याशा वाटू लागल्या.

टंचाई खरी की मुद्दाम घडवलेली?

दोन्ही. हॉट व्हील्सने १९९५ पासून 'ट्रेझर हंट' आणि २००७ पासून 'सुपर ट्रेझर हंट' गाड्या नेहमीच्या खोक्यांत मिसळून पाठवायला सुरुवात केली. 'सुपर'ला चकाकता रंग, रबरी टायर आणि गाडीवर 'टीएच' ही खूण असते. खोके उघडताच दुर्मीळ गाडी काढून घेणारे पुढे ती चढ्या भावाने विकतात. साध्या गाडीला रबरी चाके लावून ती 'सुपर' म्हणून खपवण्याचे प्रकारही होतात. त्यामुळे केवळ चाकांवर विश्वास ठेवू नका. रंग, खूण आणि पाकिटाची चिकटपट्टी एकत्र तपासा.

कराचा वाटा किती?

कस्टम्सच्या ९५०३ या शीर्षकात खेळणी आणि प्रतिकृती एकत्रच येतात. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. पूर्ण शुल्क लागलेल्या १०० रुपयांच्या मालावर ५ टक्के जीएसटी धरला, तर आकडा १७८ रुपये ५० पैसे होतो. वाहतूक आणि नफा त्यावर. ज्या देशांशी व्यापार करार आहे, तिथल्या मालाला सवलत मिळू शकते. बिगर-इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

याशिवाय १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे. हेतू मुलांची सुरक्षितता आणि देशी उद्योगाला बळ हा होता. त्याची झळ मोठ्यांच्या छंदालाही बसते.

मग जादा दर द्यावा का?

दुकानदाराला सीलबंद पाकिटावरील एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांत तशी मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. खरी जोखीम ऑनलाइन अनोळखी विक्रेत्याची. सिरोंचा किंवा भामरागडमध्ये बसून मुंबईच्या विक्रेत्याचा माल पाहता येत नाही. म्हणून आजच्या तारखेची चिठ्ठी गाडीशेजारी ठेवून व्हिडिओ मागा आणि शक्यतो माल हाती आल्यावरच पैसे द्या. फसवणूक झालीच, तर १९३० वर लगेच कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणे अवघड.

आपल्याकडच्या उन्हाचे काय?

चंद्रपुरात पारा ४७ अंशांपुढे जातो. खिडकीतल्या उन्हात रंग फिका पडतो आणि उष्णतेने मऊ झालेले रबरी टायर प्लास्टिकच्या तळाला चिकटतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले असेल, तर जुन्या गाड्यांना आपोआप भेगा पडतात. उष्णता आणि दमटपणा त्याला वेग देतात. बंद, सावलीतले, कोरडे कपाट पुरेसे आहे.

ही गुंतवणूक आहे का?

नाही. विकत घेणारा सापडेपर्यंत वाढलेला भाव कागदावरच राहतो. कंपनीने तीच गाडी पुन्हा काढली, तर तोही उतरतो. पगारातून हप्ते पाडून गाड्या साठवण्याआधी हे लक्षात ठेवा.

आणि छोट्या प्रतिकृती जपणे आपल्याला नवे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला विदर्भातली मुले चाके लावलेला लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा मागतात. खऱ्या बैलाची ती प्रतिकृतीच. तिला ना सीलबंद पाकीट, ना पुनर्विक्रीचा भाव. रंग उडाला तरी तोच नंदी पुढच्या वर्षी, पुढच्या पिढीसाठी माळ्यावरून खाली येतो. रेस कारही तशीच घ्या : एमआरपीत मिळाली आणि आवडली, तर.