बोर्ड का जळतो?

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या आपल्या वस्त्यांतील मुलेमुली आता यंत्रमानव बनवू लागली आहेत. २०१६ पासून सरकारी योजनेतून काही शाळांत अटल टिंकरिंग लॅबही सुरू झाल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण एक चूक नेहमी होते. मूल आर्डुइनोच्या पिनला सुटा रिले थेट जोडते, पिन निकामी होते, घरी बोलणी बसतात आणि "आपल्याला हे जमणार नाही" असे त्या पोराच्या मनात बसते. पालकांनी कारण समजून घ्यावे.

आर्डुइनो ऊनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच करंट घ्यावा. ४० ही शेवटची हद्द. पाच व्होल्टच्या छोट्या निळ्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअरच्या आसपास घेते. मोटारगाडीतला १२ व्होल्टचा, ३० अँपिअरचा रिले त्याहूनही जास्त घेतो. मग पिन टिकणार कशी?

इमारतीतला पाण्याचा मोठा पंप आठवा. हिरव्या बटनातून पंपाचा सगळा करंट जात नाही. बटन फक्त स्टार्टरमधल्या काँटॅक्टरच्या कॉइलला वीज देते. जड करंट काँटॅक्टरच्या जाड पॉइंटांतून जातो. इथेही तसेच करायचे, फक्त मध्ये एक पायरी वाढवायची.

त्यासाठी लॅमिंग्टन रोडवर मिळणारी यूएलएन २००३ ही आयसी आणावी. पिनने आयसीला फक्त इशारा द्यायचा. तिची एक वाट ५०० मिलिअँपिअरपर्यंत सोसते. रिलेच्या कॉइलचे एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरे आयसीच्या आउटपुटला जोडावे. आयसीची कॉमन पिन त्याच प्लसला जोडायला विसरू नये. कॉइल बंद होताना उलट झटका मारते; तो आतले डायोड तिथेच जिरवतात. बोर्डाचा ग्राउंड, आयसीचा ग्राउंड आणि बॅटरीचा मायनस एकत्र हवेत, नाहीतर रिले ओढणारच नाही. गाडीच्या रिलेवर ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके, ३० आणि ८७ ही मोटारीच्या वाटेची. त्या वाटेवर जाड वायर आणि फ्यूज हवाच.

आणखी एक कळकळीची सूचना. हे सर्व १२ व्होल्टच्या बॅटरीवरच करावे. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनला मुलांनी हात लावू नये; ते काम वायरमनचे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. वीज हा विषय त्याच खात्याकडे होता आणि कामगारांच्या तांत्रिक शिक्षणाचे कामही. वीज कशी चालते हे आपल्या मुलांना कळलेच पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी बोर्ड जळला तर आधी पोराला ओरडू नका. शेजारी बसा आणि विचारा, "पिनवर किती करंटचा भार टाकलास?"