पाप कुणाचं?

पोरीच्या बुबुळाच्या कडेला जन्मापासून पांढरट गोळा. मुगाएवढा. वर दोन केस. वस्ती म्हणाली, फूल पडलंय. आजी म्हणाली, पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाहीस. कुणी म्हणालं, गेल्या जन्मीचं पाप. दवाखान्यातला साहेब बॅटरी मारून म्हणाला, 'काही नाही, मोठी झाली की काढू.' पोर शाळेत गेली तेव्हा कळलं, त्या डोळ्याला फळाच दिसत नाही.

आता सांगा, पाप कुणाचं?

दोस्तहो, हे फूल नाही, पाप नाही, ग्रहण तर नाहीच. याचं नाव लिंबल डर्मॉइड. गर्भात डोळा घडताना कातडीच्या पेशी भलत्या जागी राहतात. म्हणून त्या गोळ्यात केस, चरबी, घामाच्या ग्रंथीसुद्धा सापडतात. हा कॅन्सर नव्हे. आईचा यात काडीचा दोष नाही, हे आधी घराघरात सांगा.

गोळा बुबुळाची गोलाई बिघडवतो. नजर धूसर होते. मग मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. मेंदू बघायला शिकतो तो पहिल्या ७-८ वर्षांत. चेहऱ्याचा प्रश्न थांबेल, नजरेचा थांबत नाही. तेव्हा 'मोठी झाली की' म्हणजे 'नजर गेली की'!

आणि सुरीचीही पूजा नको. गोळा लहान असेल तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्यावर बहुतेकदा निभतं. मोठा असेल, नजर झाकत असेल, तर किती खोल आहे ते तपासून तासून काढतात. फार खोल असेल तर दान आलेल्या डोळ्याचं पटल बसवतात. पण व्रण उरतो, चष्म्याचा नंबरही बहुधा उरतो. पट्टी सुटत नाही. 'आपरेशन झालं, डोळा बरा झाला' हे अर्धसत्य. कानापुढं मांसाचे बारके तुकडे लोंबत असतील तर कान आणि मणकेही तपासून घ्या.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा पोरं तपासायची, असा नियम. तुमच्या वस्तीत पथक कधी आलं? विचारा. तारीख मागा. नोंदवही मागा.

भाषणं नंतर. आधी पोरीचा चांगला डोळा हातानं झाका. तिनं चिडून हात झटकला तर समजा, दुसऱ्या डोळ्याला दिसत नाही. उद्याच डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या. भगताकडं नव्हे.