काट्यावर वजन दिसते, माणूस दिसत नाही



ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की दर वर्षी आपल्या मोबाईलवर तेच फोटो फिरू लागतात. रस्त्याच्या कडेला उलटलेली ट्रॉली, विखुरलेल्या मोळ्या आणि बाजूला जमलेली गर्दी. बातमी दोन ओळींची असते : चालकाचे नियंत्रण सुटल्याने अपघात, चालकावर गुन्हा दाखल. विषय संपतो.

आम्हाला या दोन ओळी मान्य नाहीत. नियंत्रण वळणावर सुटलेले दिसते, पण बहुतेक वेळा ते फडात ट्रॉली भरतानाच सुटलेले असते. हे कसे घडते ते आपल्या तरुणांनी नीट समजून घेतले पाहिजे. जे समजत नाही, त्याविरुद्ध लढताही येत नाही.

आधी साधे गणित पाहू. प्रत्येक वाहनाच्या आरसी बुकात दोन वजने लिहिलेली असतात : रिकामे वजन आणि भारासह एकूण वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की जे उरते, तेवढाच भार त्या वाहनावर टाकता येतो. ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी असते, तिचेही वेगळे आरसी असते. ट्रॅक्टर ओढतो म्हणून ट्रॉलीत वाटेल तेवढे भरा, असे कायदा कुठेही म्हणत नाही. आणि ओढता येणे वेगळे, थांबवता येणे वेगळे. सगळी गफलत इथेच आहे.

पन्नास एचपीचा ट्रॅक्टर स्वतः साधारण दोन-अडीच टनांचा. त्याच्या मागे दोन ट्रॉल्या आणि त्यांत पंधरा-वीस टन ऊस. ट्रॉलीला स्वतःचे चालू स्थितीतले ब्रेक नसतील, तर अडीच टनांच्या यंत्राच्या ब्रेकवर वीस टन थांबवायचे असतात. उतारावर मागचा भार ट्रॅक्टरला पुढे ढकलू लागतो. वळणावर तोच भार ट्रॅक्टरला आडवा फिरवतो. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताशी वीसवर जे जमले, ते चाळीसवर दुप्पट कठीण होईल असे चालकाला वाटते. प्रत्यक्षात ते चौपट कठीण झालेले असते.

दुसरी गोष्ट पुढच्या चाकांची. ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो. मागे हुकावर जास्त भार आला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. चढावर तर पुढचा भाग उचलला जातो. म्हणून ट्रॉली ठरलेल्या हुकालाच जोडायची, त्याहून उंच कुठे साखळी बांधून ओढायचे नाही. शेतात आखूड वळणासाठी डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल वेगळे ठेवतात. रस्त्यावर येण्याआधी ते एकमेकांना जोडलेच पाहिजेत. नाहीतर घाईत एकच पेडल दाबले जाते आणि ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनाचा आधार स्वतःच्या हाताने काढून टाकणे.

तिसरी गोष्ट उंची. ऊस वजनात बसला तरी तो उंच रचला की भाराचा मध्य वर जातो, आणि एक चाक साइडपट्टीवरून उतरले तरी ट्रॉली कलंडते. त्या उसावर बसून येणाऱ्या बाया-माणसांचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

आता प्रश्न असा, की हे सगळे चालकाला कळत नाही का? पुष्कळांना कळते. आम्ही गेली काही वर्षे तोडणी कामगारांच्या टोळ्यांसोबत काम करतो. उतारावर पाय थरथरतात, असे सांगणारे चालक आम्हाला भेटले आहेत. मग भरतात का? कारण वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता मात्र महिन्यावर असतो. कारखान्याच्या आवारात नंबर लागायला कधी रात्र जाते, कधी पूर्ण दिवस. खेपा वाढवता येत नाहीत, म्हणून खेपेतला भार वाढवला जातो. मालकाला मुकादमाला दिलेली उचल वसूल करायची असते, मुकादमाला ती कोयत्याकडून फेडून घ्यायची असते. या साखळीत प्रत्येक जण आपला धोका खालच्यावर ढकलतो. सर्वात खाली भूमिहीन दलित, भटके-विमुक्त, बंजारा, वंजारी कुटुंबे आहेत. त्यांना ढकलायला खाली कुणीच उरलेले नाही. वरचा नफा घेतो आणि खालचा धोका सोसतो, ही रचना आपल्याला ओळखीची आहे. जातिव्यवस्थेने ती आपल्याला फार आधी शिकवली आहे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ११३ फक्त चालकाबद्दल बोलत नाही. जादा भाराचे वाहन चालवणारा आणि ते चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा, दोघेही त्यात येतात. चालक मालक नसेल, तर मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने हे घडले असे न्यायालय गृहीत धरू शकते, हेही त्याच कलमात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे जाऊ द्यायचे नाही, अशी तरतूद आहे.

आणि पुरावा कुठे आहे? कारखान्याच्या गेटवर. आत जाणारे प्रत्येक वाहन भरलेले आणि रिकामे असे दोन वेळा काट्यावर चढते. वेळ, गाडी नंबर, वजन, सगळे पावतीवर छापून येते. म्हणजे कायदा किती वेळा मोडला गेला, याची नोंद दर हंगामात कारखान्याच्याच संगणकात होत असते. रस्त्यावर तपासणी पथक उभे करायचीही गरज नाही. काटामारीवरून शेतकरी बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच काट्यावर कामगाराच्या जिवाची नोंदही पडते, ती कुणी वाचत नाही.

अपघातानंतर दुसरा अपघात होतो, तो विम्याचा. ट्रॅक्टरचा विमा अनेकदा फक्त शेतीकामासाठी असतो आणि ट्रॉलीतल्या माणसाची जोखीम त्यात धरलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ब्रिज मोहन प्रकरणात हाच प्रश्न तपासला. वीटभट्टीसाठी माती वाहणारा एक मजूर ट्रॉलीवरून पडून जखमी झाला होता. न्यायालयाने विमा कंपनी जबाबदार नाही असे ठरवले. तरीही तो गरीब मजूर आहे हे पाहून संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालचे अधिकार वापरले आणि कंपनीने आधी भरपाई द्यावी, मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. त्या मजुराला न्याय मिळाला, याचा आनंद आहे. पण जे सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष अधिकारातून मिळते, ते प्रत्येक फडातल्या बाईला कसे मिळणार? भरपाई हा हक्क असला पाहिजे, कृपा नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगाराचे हित मालकाच्या दयेवर न सोडता कायद्यात बांधायचे, ही तेव्हाची दिशा होती. आपली दिशा तीच असायला हवी.

आमचेच काही कार्यकर्ते विचारतात, 'मजुरीचा प्रश्न सोडून ब्रेक-लाईटचे काय घेऊन बसलात? भार कमी केला तर गरिबाचेच नुकसान होईल.' या आक्षेपात तथ्य आहे. वाहतुकीचा दर तसाच ठेवून भार कमी केला तर खेपा वाढतील, गाडी वेळेवर येणार नाही आणि टोळी फडात बसून राहील. म्हणूनच आमची मागणी नुसती 'दंड करा' अशी नाही. कारखान्याने मर्यादेतल्या भारावर परवडेल असा दर द्यावा, आवारातली रखडपट्टी कमी करावी आणि मर्यादेबाहेरची गाडी काट्यावर घेऊ नये. टोळ्यांना गावाहून आणण्या-नेण्यासाठी बस द्यावी आणि तिचा खर्च उचलीत धरू नये. मजुरी आणि सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. टन वाढवल्याशिवाय पोट भरत नाही, म्हणूनच ट्रॉली उलटते.

आता थोडे आपल्याबद्दल. कारखान्याला प्रश्न विचारणाऱ्या आपण चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला, भीमा कोरेगावला कसे जातो? पिकअपमध्ये उभे राहून. समजा, पिकअपचे एकूण वजन २,८०० किलो आणि रिकामे १,६०० किलो आहे. उरले १,२०० किलो. साठ किलोची वीस माणसे भरली की मर्यादा संपली, आणि चालकाचे वजनही यातच धरायचे असते. बरे, वजनात बसले तरी उभी माणसे म्हणजे उंच गेलेला भार. वळणावर सगळे एका बाजूला झुकतात आणि गाडीही झुकते. शिवाय मालवाहू गाडीतल्या प्रवाशाला विमा नाकारला जातो, तो वेगळाच. १४ एप्रिलला डीजेच्या ट्रॉलीवर, विजेच्या तारांखाली नाचणारी पोरे आपलीच असतात. बाबासाहेबांच्या जयंतीला एखाद्या आईचा मुलगा घरी परतू नये, याहून मोठी नामुष्की कोणती? वर्गणीतून एसटी ठरवा. पैसे कमी पडले तर डीजे कमी करा.

तरुणांना आमचे सांगणे एवढेच. या हंगामात आपापल्या तालुक्यात दहा ट्रॉल्या पाहा. मागे लाल रिफ्लेक्टर आहे का, दिवा लागतो का, हुकाच्या पिनेला क्लिप आहे का, जोडीला सुरक्षा साखळी आहे का, हे लिहून काढा. चालकाशी भांडू नका, त्याच्याशी बोला. तो आपला शत्रू नाही. अपघात झालाच तर पंचनाम्यात भाराची नोंद करायला लावा. काट्याची पावती, ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचे आरसी, विम्याची पॉलिसी यांच्या प्रती मिळवा आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा. अंत्यविधीला आपण सगळेच जातो. त्यानंतर कागद गोळा करणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक गावात हवा.

चालकाचे नियंत्रण सुटले, असे पुढच्या वेळी छापून येईल तेव्हा एकच प्रश्न विचारा : काट्यावर वजन किती होते?

जय भीम! जय संविधान!