तहकूब सामन्याचे पाहुणे

इंग्लंडच्या उत्तरेस लँकशायरमध्ये बर्नली नावाचे एक जुने कापडगिरण्यांचे गाव आहे, आणि तेथील टर्फ मूर या मैदानावर 28 नोव्हेंबर 2021 रोजी, रविवारी दुपारी, लंडनच्या टॉटनहॅम संघाचा सामना मुकर्रर झाला होता. ‘आर्वेन’ नावाचे वादळ ब्रिटनला नुकतेच झोडपून गेले होते. त्या दिवशीही हिमवृष्टी थांबेना, मैदानावरचे सेवक बर्फ लोटीत राहिले, लोटलेल्या जागी तो पुन्हा साचत राहिला, आणि खेळास आरंभ होण्यास तासभरही उरला नसताना सामना तहकूब झाल्याचे जाहीर झाले. तोवर लंडनहून दोनशे मैलांहून अधिक रस्ता तुडवीत पाठीराखे येऊन ठेपले होते, आणि त्यांच्यात अमेरिकेतील डॅलसहून 31 तासांचा प्रवास करून आलेले एक जोडपेही होते. त्यांची हकीकत कळताच टॉटनहॅमच्या हॅरी केनने ‘पुढच्या घरच्या सामन्यास माझे पाहुणे म्हणून या’ असे जाहीर निमंत्रण दिले. केनच्या सौजन्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्यांचा प्रवास 31 तासांचा नव्हता, केवळ पाच-सहा तासांचा होता, आणि ज्यांना तितकेच तास त्याच बर्फातून परत जावयाचे होते, त्यांच्या कैफियतीत वर्तमानपत्रास सांगण्याजोगे काही नव्हते. म्हणून त्यांना कोणी निमंत्रणही दिले नाही.

मराठी क्रीडावृत्तांत ‘पाहुणा संघ’ हा शब्द आपण सर्रास योजतो, पण ‘पाहुणा प्रेक्षक’ असा शब्द आपल्याकडे रूढ झाला नाही, कारण ती जातच आपल्या परिचयाची नाही; वानखेडेवर क्रिकेट पाहावयास बसणारा बहुतेक समुदाय यजमानाचाच असतो. इंग्लंडात मात्र या पाहुण्यास नियमाने स्थान आहे. प्रीमियर लीगमध्ये त्याच्यासाठी तीन हजार, किंवा मैदान लहान असल्यास एकंदर आसनांच्या एक दशांश, जागा राखून ठेवाव्या लागतात, आणि सर्वांत मोठा आवाज बहुधा त्याच कोपऱ्यातून उठतो. सामना चित्रवाणीवर पाहणारा ज्याला ‘वातावरण’ म्हणून वाखाणतो, त्यातला निम्मा वाटा या पदरमोड करून आलेल्या मंडळींचा असतो.

त्यांची ही उपेक्षा आजची नव्हे. 1962-63 चा हिवाळा इंग्लंडच्या स्मरणात अद्याप गोठून राहिला आहे. एफए कपची तिसरी फेरी, जी एरवी एका शनिवारी आणि नंतरच्या काही फेरसामन्यांत उरकावयाची, ती त्या वर्षी 5 जानेवारीस सुरू होऊन 11 मार्चला संपली. या 66 दिवसांत तहकुबीची नोंद 261 वेळा झाली, आणि लिंकन विरुद्ध कॉव्हेंट्री ही एकच लढत 15 वेळा पुढे ढकलावी लागली. हॅलिफॅक्सच्या क्लबाने आपले गोठलेले मैदान लोकांना स्केटिंगसाठी खुले करून दिले, आणि या व्यवहारदृष्टीचे मला कौतुकच वाटते. पण त्या हिवाळ्याची खरी मार्मिक गोष्ट निराळीच आहे. ‘पूल्स’ म्हणजे सामन्यांच्या निकालांवर घरबसल्या पैसे लावण्याचा उद्योग. सामनेच होईनात तेव्हा त्या उद्योगाचे धाबे दणाणले, आणि 26 जानेवारी 1963 रोजी लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली टॉम फिनी, टॉमी लॉटन यांच्यासारखे नामांकित माजी खेळाडू लंडनमध्ये एका बंद दालनात बसून न झालेल्या सामन्यांचे निकाल मुकर्रर करू लागले. ज्याने घरी शेगडीपाशी बसून पैज लावली, त्याची तजवीज महिन्याच्या आत झाली. आगगाडीचे भाडे भरून बंद फाटकापर्यंत गेलेल्याचा विचार करण्यासाठी मात्र कोणतीही समिती कोणत्याही दालनात बसली नाही.

त्यानंतर विज्ञान पुढे गेले. एव्हर्टनने 1958 मध्येच गुडिसन पार्कच्या हिरवळीखाली विजेच्या तारा पुरून जमीन ऊबदार ठेवण्याचा प्रयोग केला होता. आज प्रीमियर लीगच्या प्रत्येक मैदानाखाली अशी व्यवस्था सक्तीची आहे. परिणाम असा झाला की, हिरवळ लुसलुशीत असूनही सामना तहकूब होऊ शकतो, कारण मैदानाबाहेरचे पदपथ, पायऱ्या आणि रस्ते काचेसारखे निसरडे झालेले असतात. म्हणजे सामना रद्द होतो तो प्रेक्षकाच्या जिवाच्या काळजीने, आणि ही काळजी पुष्कळदा तेव्हा जागी होते, जेव्हा सर्वांत लांबचा प्रेक्षक त्याच निसरड्या रस्त्यावरून निम्म्याहून अधिक वाट चालून आलेला असतो. निसर्गावर समन्स बजावता येत नाही, हे मान्य. बर्नलीस त्या दिवशी कोणी कसूर केली असेही मी म्हणत नाही. पण निर्णय कोणत्या घटकेस घ्यावयाचा, हे निसर्गाच्या नव्हे, माणसाच्या अखत्यारीतले आहे.

सामना कोणत्या घटकेस ठेवावयाचा, हेही तसेच. शनिवारी तिकडे दुपारी साडेबारा वाजता सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सहा वाजता दिसतो. चहाचा पेला हाती घेऊन बसण्यास याहून सोयीची वेळ नाही. त्या वेळेस बोर्नमथला पोहोचावयाचे, तर न्यूकॅसलच्या पाठीराख्याने साडेतीनशे मैलांच्या आसपासचा रस्ता धरण्यासाठी मध्यरात्रीनंतर काही तासांतच, म्हणजे रस्ते सर्वाधिक गोठलेले असताना, घर सोडले पाहिजे. चित्रवाणीच्या ज्या उत्पन्नासाठी हे वेळापत्रक आखले जाते, त्यात आपल्या वर्गणीचाही अंश आहे. तेव्हा मुंबई-पुण्याच्या रसिकांनी या गैरसोयीशी आपला काही संबंध नाही असे समजू नये.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते की, या लोकांना कष्टच प्रिय आहेत. त्यात तथ्य नाही असे नाही. 23 ऑक्टोबर 1997 रोजी नॉर्वेच्या ट्रोम्सोत हिमवादळात चेल्सीचा संघ 3-2 असा हरला, तेव्हा मैदानावरच्या रेषा दिसेनात म्हणून खेळ थांबवून बर्फ हटवावा लागला होता. त्या रात्री जे तेथे कुडकुडत उभे होते, ते परतफेरीतील 7-1 या विजयापेक्षा त्या पराभवाचीच आठवण अधिक अभिमानाने सांगत असतील, तर मला नवल वाटणार नाही. पण सोसणाऱ्याचा अभिमान हा सोसावयास लावणाऱ्याचा परवाना होऊ शकत नाही.

अलीकडे एक नवा प्रघात पडू पाहत आहे. आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेस वसलेल्या बोडो येथे 2021 मध्ये रोमा संघ 6-1 असा लाजिरवाणा हरला, तेव्हा त्याच्या खेळाडूंनी सोबत आलेल्या चाहत्यांच्या तिकिटांचे पैसे देऊ केले. जानेवारी 2026 मध्ये मँचेस्टर सिटीने त्याच गावी 3-1 असा मार खाल्ला, आणि तिच्याही खेळाडूंनी 374 प्रवासी चाहत्यांना मिळून 9,357 पौंड परत करण्याचे ठरविले. दरडोई सुमारे 25 पौंड! शरम वाटणे हे चांगलेच लक्षण आहे, परंतु विमान, निवास आणि बुडालेली रजा यांपुढे 25 पौंड म्हणजे दर्यात खसखस. शिवाय हे पैसे पराभवाचे होते, प्रवासाचे नव्हते. संघ जिंकला असता, तर थंडी कमी लागली असती काय?

तहकूब सामन्याचे तिकीट नव्या तारखेस चालते अथवा त्याचे पैसे परत मिळतात. प्रवासखर्च मात्र हक्काने मिळत नाही, एखाद्या क्लबास वाटले तर तो पुढच्या खेपेस मोफत बस देतो. हा दयेचा प्रकार बंद व्हावा. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दोनशे मैलांपलीकडच्या पाहुण्यांचा सामना साडेबाराला ठेवू नये, पाहणी करून निर्णय पाहुण्यांच्या बसगाड्या सुटण्यापूर्वी द्यावा, आणि त्यानंतर सामना तहकूब झाल्यास भाड्याची भरपाई चित्रवाणीच्या उत्पन्नातून करावी. पहाटे घेतलेला निर्णय क्वचित चुकेल, ऊन पडेल, आणि होऊ शकला असता असा सामना वाया जाईल. तेवढी चूक मला पत्करते. खर्चाची सबब कोणी सांगू नये, कारण 2016-17 पासून पाहुण्यांच्या तिकिटास 30 पौंडांची कमाल मर्यादा याच प्रीमियर लीगने घातली, आणि तिची तिजोरी काही रिकामी झाली नाही.

बर्नलीचा तो सामना अखेर 23 फेब्रुवारी 2022 रोजी, बुधवारी रात्री खेळला गेला. टॉटनहॅम 1-0 असा हरला.