नाबोथाने मळा विकला

वसईच्या कोणत्याही धर्मग्रामात सणाच्या जेवणानंतर घटकाभर बसावे. एक तक्रार हटकून कानी पडते. ‘आजच्या पोरांना मातीची ओढ उरली नाही. एक कॅनडाला, दुसरा ऑस्ट्रेलियाला. आमच्या म्हातारपणी दाराशी कोण?’ हीच तक्रार प्रवचनांतून होते, विशेषांकांतून छापली जाते, आणि ती करणारी माणसे बहुधा भली असतात. तरीही ती आम्हांला मान्य नाही. मुलांनी गाव सोडले हे खरे. परंतु मुलांच्या पायांखालचे गाव आधी कोणी काढून घेतले, हे त्या पंगतीत कोणी विचारीत नाही.

१९८८ साली शासनाने वसईच्या हिरव्या पट्ट्यातील हजारो हेक्टर जमीन बांधकामास खुली करण्याचे ठरविले. १९९० मध्ये सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आले. टँकरने विहिरी उपसणाऱ्यांविरुद्ध आणि जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. त्या दिवसांत नाबोथाची गोष्ट आपल्याला मोठी जवळची वाटे. राजा अहाबाला वाडवडिलांचा द्राक्षमळा न देणारा नाबोथ म्हणजे आपण, आणि अहाब म्हणजे बिल्डर, अशी ती सोपी मांडणी होती. चळवळ खरी होती. तिच्यासाठी माणसांनी जिवाची जोखीम पत्करली. परंतु अहाबाने नाबोथाला अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती आणि नाबोथाने दोन्ही नाकारले, ही त्या गोष्टीतील कळीची बाब आपण सोयीने विसरलो. आपल्यातील कित्येकांनी सकाळी मोर्चात घोषणा दिल्या आणि संध्याकाळी विसार घेतला. हे आम्ही परक्यांविषयी लिहीत नाही. आमच्याही घराण्याने रस्त्यालगतची वाडी विकली. तिच्यातून दोन लग्ने आणि एक बंगला निघाला.

विकण्याला कारणे नव्हती असे नाही. विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागले होते. पानवेलीला मजूर मिळेना. राजेळीची सुकेळी करणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली. पहाटेच्या गाडीने फुले दादरला आणि भाजी बोरिवली-पार्ल्याला नेणाऱ्या आमच्या आयांनीच ‘माझ्या मुलीच्या डोक्यावर टोपली नको’ असे म्हटले, आणि ते योग्यच म्हटले. बावखले मात्र कोणत्याही नाइलाजाविना बुजविली गेली. पावसाचे पाणी पोटात घेऊन उन्हाळ्यात विहिरींना देणारी ती गोड्या पाण्याची तळी म्हणजे पडीक जागा, असा हिशेब झाला. जुलै २०१८ मध्ये पाणी दिवसेंदिवस ओसरले नाही, तेव्हा बावखलांचे स्मरण सर्वांना झाले.

आता घराकडे वळू. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांवर माणसे मोजली गेली. एवढ्या माणसांसाठी येथे इमारती उभ्या राहिल्या. मग आमच्या स्वतःच्या मुलाला घर का मिळू नये? कोणत्याही गावातील एक सातबारा उघडून पाहा. वीस गुंठ्यांवर आजोबांच्या मागून आलेली अकरा नावे. त्यांतील दोघे आखातात, एक टोरंटोला, एक आत्या मुंबईत रुसून बसलेली, एक काका वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंद अद्याप बाकी. तिसऱ्या पिढीतील मुलाला चर्चगेटला नोकरी लागते. लग्न ठरते. आजोबांच्या वाडीत दोन खोल्या बांधाव्यात म्हणून तो बँकेत जातो, तर बँक सर्वांच्या सह्या मागते. आणि शेतजमीन बिगरशेती करून घेण्याच्या खेपा त्यापुढे आहेतच. त्याच बँकेतून इमारतीतील सदनिकेसाठी कर्ज मात्र महिन्याभरात मिळते. म्हणून तो वीस वर्षांचे हप्ते बांधून घेतो, कदाचित त्याच्याच चुलत आजोबांनी विकलेल्या जमिनीवरील इमारतीत. रोज तीन-चार तास विरार गाडीत लोंबकळून त्याने हे हप्ते फेडायचे. जवळ काम म्हणावे तर वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत आहे, पण तेथील पगारात हप्ता निघत नाही. त्याची बायको परिचारिका असेल, तर परदेशचा अर्ज तिच्या मैत्रिणींनी आधीच भरलेला असतो. अशा दांपत्याला आपण मातीच्या ओढीवर व्याख्यान देतो!

आणि या सगळ्याच्या शेजारी गावातच दुमजली बंगले बंद आहेत. तळमजल्यावर दोन वृद्ध जीव, वरच्या खोल्यांत नाफ्थालिनच्या गोळ्यांचा वास, डिसेंबरात पंधरा दिवस दिवे. पुतण्याला वरचा मजला भाड्याने का देत नाही, असे विचारले तर दबलेल्या आवाजात उत्तर येते: ‘कूळ लागेल.’ हे उत्तर ऐकून आम्हांला हसू येत नाही, लाज वाटते. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १९५७ च्या कृषकदिनाने ‘कसेल त्याची जमीन’ झाली, म्हणून आपल्यातील कित्येक घराणी सावकार-खोतांच्या तावडीतून सुटून मालक झाली. कूळ म्हणून ज्यांना जमीन मिळाली, त्यांची नातवंडे आज सख्ख्या पुतण्याला कूळ म्हणून भितात.

‘बाजार आहे, त्याला कोण काय करणार?’ असे आमचे काही सुशिक्षित मित्र म्हणतात. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मालमत्तेच्या हक्काची ठाम बाजू घेतली, हे ते आवर्जून सांगतात. त्याच परिपत्रकात असेही म्हटले आहे की, आपल्या भूमीत माणसाला धड जगता आले तर तो तिच्या बदल्यात परका मुलुख पत्करणार नाही. मालकीचे समर्थन तेथे यासाठी आहे. कुलूप लावलेल्या मजल्यासाठी नव्हे. आणि बाजारापुढे आपण नेहमीच हात टेकले होते असेही नाही. १९१८ साली मोन्सेन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने येथल्या कॅथलिकांनी आपली सहकारी पतसंस्था काढली, आजची बॅसिन कॅथलिक बँक तीच. त्या वेळी या शेतकऱ्यांकडे आजच्या एका बंगल्याइतकाही पैसा नव्हता.

आमचे मागणे लहान आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील वाटप न झालेल्या वाड्यांची आणि बंद घरांची यादी करावी; लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी गावातल्या गावात सहकारी गृहसंस्था काढावी; सामाईक जमिनीचा एखादा तुकडा विकण्याऐवजी त्या संस्थेला दीर्घ भाडेपट्ट्याने द्यावा. शताब्दीच्या मंडपांवर आपण करतो त्याहून यास फार खर्च नाही. अडचण सह्यांची आहे, आणि सह्या करणारी माणसे नाताळात गावी येतात.

गेल्या नाताळात आमच्या परिचयाच्या एका घरी परदेशची सगळी भावंडे बऱ्याच वर्षांनी एकत्र जमली होती. दुय्यम निबंधकांचे कार्यालय तेथून रिक्षाच्या अंतरावर. धाकट्याने वाटणीपत्राचा कच्चा मसुदा खिशात आणला होता. आईने त्याला स्वयंपाकघरात बोलावून सांगितले, ‘सणासुदीला तो विषय नको, बाबा.’ मग अंगणात सर्वांचा फोटो काढला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विमाने परत गेली, आणि मार्चमध्ये धाकट्याने व्हिसासाठी अर्ज केला.