सुरकुतीचे अर्थशास्त्र

वार्धक्य का येते, या प्रश्नाचा शोध आता जीवशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत घेत आहेत. परंतु त्या शोधाचे फळ सर्वप्रथम पोहोचले ते प्रसाधनांच्या दुकानात. 'वयाच्या खुणा पुसणारी' मलमे आज तालुक्याच्या गावीही मिळतात. विज्ञानाने जे सांगितले आणि बाजाराने जे विकले, त्यांतील तफावत मात्र सुशिक्षितांच्याही लक्षात येत नाही.

त्वचेचे वार्धक्य दोन प्रकारचे असते. एक वयोमानाने येते. ते कोणालाच चुकत नाही. दुसरे उन्हाने लादलेले असते. सूर्याचे अतिनील किरण त्वचेच्या खालच्या थरात शिरतात आणि तिला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे विघटन करणारी विकरे वाढवितात. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने २०१२ साली ६९ वर्षांच्या एका मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र छापले. २८ वर्षे गाडी चालविलेल्या या गृहस्थाचा खिडकीकडील अर्धा चेहरा उरलेल्या अर्ध्याहून कितीतरी अधिक सुरकुतलेला होता. आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन काही अंशी ढालीचे काम करते, त्यामुळे सुरकुत्या उशिरा पडतात. तरी काळे डाग व खरखरीतपणा टळत नाही.

याचा अर्थ असा की, चेहऱ्यावर दिसणारे म्हातारपण पुष्कळ अंशी कामाच्या जागेवर अवलंबून असते. मुंबईच्या आरे कॉलनीत याचे प्रत्यंतर येते. १९४९ साली दुग्धवसाहत म्हणून वसविलेल्या या परिसरात एकीकडे चित्रनगरी आहे. तेथे चेहऱ्याचे वय रंगभूषेने झाकले जाते. दुसरीकडे आदिवासींचे पाडे आहेत. तेथील वारली स्त्री भाजीच्या वाफ्यात आणि तबेल्यासाठी गवत कापणारा मजूर माळावर भर दुपारी राबतो. त्यांच्या त्वचेची ही झीज कोणत्याही मजुरीच्या हिशेबात धरलेली नसते. मलमाचा ग्राहक मात्र सावलीत बसणारा असतो!

ज्याने त्याने आपला पैसा चेहऱ्यावर खर्च केला तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. खर्चाला हरकत नाही. हरकत आहे ती फसगतीला. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ट्रेटिनॉइनचा उन्हाने जून झालेल्या त्वचेवरील गुण दाखवून दिला. ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते आणि गुण यावयास महिने लागतात. आपल्या औषधविषयक नियमांतील 'जे' परिशिष्टानुसार अकाली वार्धक्य बरे करण्याचा दावा औषधालाही करता येत नाही; प्रसाधनांच्या जाहिराती तेच आश्वासन शब्द फिरवून देतात. उलट, ज्याचा उपयोग निश्चित आहे ते ऊनरोधक मलम अमेरिकेत औषध गणले जाते, तर आपल्या करपत्रकात ते सौंदर्यप्रसाधनांच्या रांगेत बसते.

या शास्त्राची खरी गरज आहे ती वृद्धांना. उतारवयात त्वचा पातळ व कोरडी होते, किरकोळ धक्क्याने फाटते आणि जखम लवकर भरत नाही. खाजेने झोप उडते. अंथरुणाला खिळलेल्यांना शय्याव्रण होतात. त्यांवरचे पुष्कळसे उपाय स्वस्त आहेत : साधी पेट्रोलियम जेली, वेळोवेळी कूस बदलणे, परिचारिकेची नजर. स्वस्त असल्यामुळेच त्यांची जाहिरात कोणी करीत नाही. बाजार जेथे पाठ फिरवितो तेथे शासनाने उभे राहावयाचे असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांच्या त्वचेची तपासणी व्हावी, उघड्यावरच्या कामाच्या वेळा भर दुपार टाळून ठरवाव्यात, मजुराला टोपी व लांब बाह्यांचा सुती सदरा मिळावा, या मागण्या अवास्तव नाहीत.

आणि सावलीचे काय? २०१९ च्या ऑक्टोबरात याच आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी २,००० हून अधिक झाडे तोडण्यात आली. त्या वेळी प्राणवायूची, बिबट्यांची चर्चा झाली, ती योग्यच होती. परंतु उन्हात राबणाऱ्या माणसाच्या त्वचेला झाडाची सावली फुकट मिळत असते, हा मुद्दा फारसा कोणी मांडला नाही. बाटलीत भरून विकता येते तेवढेच मोलाचे, असे मानणाऱ्या समाजाला सावलीची किंमत ती गेल्यावरच कळते.